ठेवणीतला ऑइल फिल्टर लावला की सकाळी इंजिन खडखडतं: कारण आणि उपाय

लक्षण असं आहे. रात्रभर उभी असलेली गाडी सकाळी सुरू केली की पहिले तीन-चार सेकंद इंजिनाच्या वरच्या भागातून कोरडी खडखड येते. ऑइलचा लाल दिवा नेहमीपेक्षा उशिरा विझतो आणि मग सगळं सुरळीत होतं. दिवसभरात गाडी पुन्हा कितीही वेळा सुरू करा, आवाज येत नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी परत तेच. सर्व्हिसिंग नुकतंच झालेलं, ऑइल नवं, आणि फिल्टरही नवाच, म्हणजे कधीही न वापरलेला.

माझ्या गाडीत हा त्रास तीन वर्षांत तीनदा आला. एका सर्व्हिसिंगनंतर सुरू व्हायचा, पुढच्या सर्व्हिसिंगनंतर आपोआप जायचा, मग काही महिन्यांनी परत. सतत असता तर मूळ लवकर सापडलं असतं. मधूनमधून येत असल्यामुळे मी चुकीच्या जागी शोधत राहिलो. आधी ऑइल बदललं, मग ऑइल प्रेशरचा स्विच बदलला. एका मेकॅनिकने लिफ्टर, म्हणजे इंजिनाचे व्हॉल्व्ह उचलणारे भाग, गेलेत असं सांगितलं आणि वरचं कव्हर उघडायची तयारीही झाली होती.

उलगडा झाला तो वहीमुळे. प्रत्येक सर्व्हिसिंगची तारीख, किलोमीटर, कुठलं ऑइल, किती लिटर, फिल्टर कुठून आणला, हे मी लिहून ठेवतो. तिन्ही वेळा फिल्टरपुढे एकच शब्द होता: ‘खोक्यातला’. काही वर्षांपूर्वी बारा फिल्टरचं एक खोकं एकदम घेऊन ठेवलं होतं आणि ते पत्र्याच्या शेडमधल्या सर्वांत वरच्या फळीवर होतं. ज्या सर्व्हिसिंगला ऑइलबरोबर दुकानातून ताजा फिल्टर आणला, त्यानंतर आवाज नव्हता. खोक्यातला लावला की आवाज.

हे लक्षात यायला इतका वेळ लागण्याचं आणखी एक कारण होतं. घरातल्या दुसऱ्या गाडीलाही हाच पार्ट नंबर लागतो. तिलाही त्याच खोक्यातले दोन फिल्टर लावले होते आणि ती एकदाही खडखडली नव्हती. फिल्टर खराब असता तर दोन्ही गाड्यांत आवाज आला असता, असं मी धरून चाललो. ते चुकीचं होतं, आणि त्याचं उत्तर फिल्टर इंजिनाला कुठल्या दिशेने बसतो यात आहे.

फिल्टरच्या आत काय म्हातारं होतं

डब्याच्या आकाराचा, आट्यांवर फिरवून बसवायचा फिल्टर हातात घ्या. तोंडाच्या बाजूला मधोमध आट्यांचं मोठं भोक आणि त्याभोवती लहान भोकांचं कडं दिसेल. ऑइल या लहान भोकांतून आत शिरतं, डब्याच्या भिंतीलगत पसरतं, चुण्या घातलेल्या कागदातून बाहेरून आत गाळलं जातं आणि मधल्या भोकातून इंजिनाकडे परत जातं. लहान भोकांच्या आतल्या बाजूला रबराची एक लवचीक चकती टेकलेली असते. पंपाचा दाब आला की ती उघडते आणि इंजिन बंद झालं की परत बसते, म्हणजे फिल्टरमधलं ऑइल उलटं वाहून खाली सम्पमध्ये, इंजिनाच्या तळाच्या ऑइलच्या टाकीत, जात नाही. हा उलटवाह रोखणारा व्हॉल्व्ह. याशिवाय स्प्रिंगचा एक बायपास व्हॉल्व्ह असतो. कागद तुंबला किंवा थंडीत ऑइल फार घट्ट झालं तर तो उघडतो आणि न गाळलेलं ऑइल पुढे सोडतो, कारण इंजिनाला अजिबात ऑइल न मिळण्यापेक्षा न गाळलेलं मिळालेलं बरं. आणि बाहेरून, इंजिनाच्या फ्लँजवर, म्हणजे फिल्टर टेकतो त्या सपाट जागेवर, दाबली जाणारी रबराची गॅसकेट असते.

यातला पत्रा आणि स्प्रिंग कोरड्या जागी दीर्घकाळ टिकतात. कागदावर बहुधा फिनॉलिक रेझिन चढवून तो भट्टीत पक्का केलेला असतो, त्यामुळे तोही वाटतो तितका नाजूक नसतो. आधी थकतं ते रबर. बहुतेक साध्या फिल्टरमध्ये ते नायट्राइल असतं, आणि नायट्राइल हवेतल्या ऑक्सिजनमुळे हळूहळू कडक होत जातं. रबराच्या साखळ्यांमध्ये नवे जोड पडत जातात, लवचीकता कमी होते आणि दाबलेल्या अवस्थेत राहिलेलं रबर तोच आकार कायमचा धरतं.

व्हॉल्व्हची चकती तर पहिल्या दिवसापासून ताणाखाली असते. कारखान्यात फिल्टर जुळवला जातो तेव्हाच ती थोडी वाकवून बसवलेली असते, कारण त्या ताणानेच ती भोकांवर दाबून राहते. म्हणजे फिल्टर फळीवर नुसता पडून असला तरी चकती कामावरच आहे. तिचा ताण ओसरला की ती भोकांवर टेकलेली दिसते, पण दाबून बसत नाही. मग रात्रभरात तिच्या कडेने ऑइल थेंबाथेंबाने उलटं निसटतं. सकाळी पंपाला आधी रिकामा फिल्टर भरावा लागतो आणि आकारानुसार त्यात पाव ते अर्धा लिटर ऑइल मावतं. तो भरेपर्यंत वरच्या कॅमशाफ्टला आणि लिफ्टरना ऑइल पोचत नाही. हीच ती तीन-चार सेकंदांची खडखड. दुपारी ती येत नाही, कारण दोन तासांत फिल्टर तेवढा रिकामा झालेला नसतो.

आता दोन गाड्यांचं कोडं. माझ्या गाडीत फिल्टर आडवा बसतो. दुसऱ्या गाडीत तो इंजिनाखाली तोंड वर करून लटकतो, पाण्याने भरलेल्या पेल्यासारखा. त्यातलं ऑइल व्हॉल्व्ह असो वा नसो, जागचं हलत नाही. म्हणून त्याच खोक्यातला, तितकाच थकलेला फिल्टर तिथे काहीही आवाज न करता चालून गेला. फिल्टर आडवा किंवा तोंड खाली करून बसत असेल तर व्हॉल्व्हच्या वयाला फार महत्त्व आहे. तोंड वर असेल तर पुष्कळच कमी.

याची खात्री मी एका रात्रीत केली. खोक्यातला फिल्टर काढून ताजा लावला, ऑइल तेच ठेवलं, कमी झालेलं तेवढं भरलं. दुसऱ्या सकाळी आवाज नव्हता, पुढच्या आठवड्यातही नव्हता. काढलेला फिल्टर कटरने कापून पाहिला तेव्हा आतली चकती जाड पुठ्ठ्यासारखी लागत होती. बोटाने दुमडली तर वाकत होती, पण परत फिरताना सावकाश, आळसावल्यासारखी. फिल्टर कापायचा तर टिनचा डबा कापतात तशा चाकाच्या कटरनेच कापावा. हॅकसॉने कापलात तर आत लोखंडाचा कीस पडतो आणि कागदावर सापडलेला कीस इंजिनातून आला की करवतीतून, हे कळत नाही.

मग टिकतो किती

बहुतेक ऑइल फिल्टरवर ‘अमुक तारखेपूर्वी वापरा’ असं काही छापलेलं नसतं. त्यामुळे फिल्टर कधीच जुना होत नाही असा समज पसरला आहे. रबराच्या वस्तू साठवण्याबाबत मात्र आंतरराष्ट्रीय मानक आहे, आयएसओ 2230. त्यात रबरांचे तीन गट केले आहेत. नैसर्गिक रबराच्या गटाला सुरुवातीची मुदत 5 वर्षं, नायट्राइलच्या गटाला 7 वर्षं, आणि सिलिकोन व फ्लोरोकार्बन रबराच्या गटाला 10 वर्षं. मुदत संपल्यावर तपासून ती वाढवताही येते. पण ही मुदत वेष्टनात, अंधारात, 25 अंश सेल्सियसच्या आत आणि कोरड्या हवेत ठेवलेल्या मालाची आहे, तीही ताण न देता ठेवलेल्या मालाची. आपल्या फिल्टरमधली चकती ताणलेली असते, म्हणून मी हे आकडे वरची मर्यादा म्हणून धरतो.

खरा फरक तापमान पाडतं. रसायनशास्त्रातला एक ढोबळ हिशोब असा की दर 10 अंशांनी तापमान वाढलं की अशा विक्रियांचा वेग साधारण दुप्पट होतो. 25 अंशांना सात वर्षं टिकणारं रबर कायम 35 अंशांत राहिलं तर साडेतीन वर्षं, आणि कायम 45 अंशांत राहिलं तर पावणेदोन वर्षं. पत्र्याखालची वरची फळी बारा महिने 45 अंशांवर नसते हे खरं, पण उन्हाळ्यात भर दुपारी ती त्याच्याही पुढे जाते. गरम हवा वर चढते, म्हणून त्याच शेडमध्ये खालची फळी आणि वरची फळी यांत मोठा फरक पडतो. माझं खोकं सर्वांत वर होतं. जागा अडू नये म्हणून, कारण ते क्वचित लागायचं.

या सगळ्यावरून मी स्वतःसाठी ठरवलेला नियम सांगतो. तो कुणा उत्पादकाचा नाही, माझा आहे. घरातल्या थंड, कोरड्या कपाटात वेष्टनासकट ठेवलेला नायट्राइलचा फिल्टर बनल्यापासून पाच वर्षांपर्यंत मी न तपासता लावतो. शेडमध्ये, गॅरेजमध्ये किंवा गाडीच्या डिकीत पडून असलेला दोन वर्षांपुढे गेला की तपासल्याशिवाय लावत नाही. सिलिकोनच्या व्हॉल्व्हचा असेल तर थोडा सैल राहतो. लहान भोकांतून टॉर्च मारला की चकतीचा रंग दिसतो. काळी असेल तर बहुधा नायट्राइल, नारिंगी किंवा तांबूस असेल तर बहुधा सिलिकोन. रंग म्हणजे पुरावा नव्हे, तरी अंदाजाला पुरतो.

वय मोजायचं ते बनल्याच्या तारखेपासून, विकत घेतल्याच्या नाही. दुकानाच्या फळीवरही त्याने काही काळ काढलेला असतो, आणि सवलतीत विकायला काढलेला माल तर पुष्कळदा त्याचमुळे काढलेला असतो. डब्यावर किंवा तोंडाच्या पत्र्यावर ठशाने वा शाईने उमटवलेला एक कोड असतो. काही कोड वर्ष आणि वर्षातला कितवा दिवस या पद्धतीचे असतात. अशा पद्धतीत 22145 म्हणजे 2022 सालचा 145वा दिवस, 25 मे. पण प्रत्येक उत्पादकाची पद्धत वेगळी, तेव्हा कोड वाचता आला नाही तर किमान खरेदीचा महिना आणि वर्ष मार्करने खोक्यावर लिहून ठेवा. दोन-तीन वर्षांनी ‘हा परवाच आणला होता’ असं प्रत्येक फिल्टरबद्दल वाटतं.

लावण्यापूर्वी तपासणी

वेष्टन काढल्यावर आधी वास घ्या. कुबट वास आला तर आत ओल गेली आहे आणि पुढचं काही तपासायची गरज नाही. मग गॅसकेटमध्ये नख रुतवून सोडा. खळगी लगेच भरून आली पाहिजे. गॅसकेट खाचेतून सहज निघत असेल तर काढून बोटाभोवती वाकवा आणि बाहेरच्या वक्र बाजूवर बारीक चिरा दिसतात का ते उजेडात पाहा. सपाट असताना या चिरा मिटलेल्या असतात, वाकवल्यावरच तोंड उघडतात. एक जरी चीर दिसली तरी तो फिल्टर गेला. परत बसवताना गॅसकेटला पीळ पडू देऊ नका.

व्हॉल्व्हसाठी लहान भोकातून बोथट टोकाची स्वच्छ प्लॅस्टिकची काडी घालून चकती हलकेच दाबा. ती मऊपणे मागे सरून काडी काढताच टपकन जागेवर आली पाहिजे. धातूची तार वापरू नका, चकतीला ओरखडा पडतो. दुसरी चाचणी फुंकरीची. आट्यांच्या मधल्या भोकाला स्वच्छ नळी घट्ट धरून हलकी फुंकर मारा. हवा कागदातून उलटी डब्यात जाते आणि लहान भोकांतून बाहेर पडू पाहते. व्हॉल्व्ह धड असेल तर ती अडते. थकलेला असेल तर भोकांशी धरलेल्या बोटाला वारा लागतो. किंचित हवा निसटणं काही नव्या फिल्टरमध्येही असतं, म्हणून जवळ ताजा फिल्टर असेल तर दोन्ही ताडून बघा. फरक जाणवतोच.

मधल्या भोकातून टॉर्चने आत पाहायला विसरू नका, आणि इथे जरा थांबून एक गोष्ट समजून घ्या. मधलं भोक आणि त्याखालची नळी ही गाळल्यानंतरची बाजू आहे. तिथे जे काही असेल ते कागदातून न जाता सरळ बेअरिंगमध्ये जाणार. लहान भोकांच्या बाजूला थोडी धूळ गेली तर ती कागदात अडकेल. आट्यांवर किंवा आतल्या नळीवर गंजाचा तांबूस थर दिसला तर मात्र तो फिल्टर पुसून, घासून वापरू नका. पुसलेल्या गंजाचे कण आतच पडतात. याच कारणाने, लावण्याआधी फिल्टरमध्ये ऑइल भरायची सवय असेल तर ऑइलचा कॅन, नरसाळं आणि हात निर्मळ पाहिजेत. मधल्या भोकातून ओतलेलं ऑइल न गाळता इंजिनात जातं.

डबा पडून चेमटला असेल तर तोही बाद. थंड इंजिन सुरू होताना ऑइलचा दाब अनेक गाड्यांत 4 ते 6 बारपर्यंत चढतो. चेमटलेल्या जागी पत्रा दर वेळी थोडा फुगतो आणि बसतो. तिथे चीर गेली तर काही मिनिटांत सगळं ऑइल रस्त्यावर येऊ शकतं.

मला सर्वांत जास्त काळजी कागदाची वाटते. व्हॉल्व्ह गेला की खडखड होते, गॅसकेट गेली की ठिबकतं. कागद फाटला, भिजून फुगला किंवा टोकाच्या झाकणापासून सुटला तर काहीच होत नाही. ना आवाज, ना दिवा. ऑइल न गाळता फिरत राहतं आणि झीज वर्षांनी दिसते. डब्याच्या फिल्टरमध्ये कागद बाहेरून दिसत नाही, म्हणून ओलीचा जरा जरी संशय आला तर तो लावायचा नाही. त्यात तडजोड नको.

ओल आत कशी जाते

वेष्टन असलं तरी जाते. दिवसा डबा तापतो, आतली हवा फुगून थोडी बाहेर पडते. रात्री थंड झाला की बाहेरची दमट हवा आत ओढली जाते, आणि थंड पत्र्यावर तिचं दव धरतं. म्हणजे दिवसरात्रीचा तापमानातला मोठा फरक हाही ओलीचाच मार्ग. घराच्या आतलं कपाट बरं ते यासाठीच. तिथे तापमान कमी असतं आणि हेलकावेही कमी असतात.

कार्ट्रिज फिल्टर, म्हणजे डब्याविना नुसता कागद, जो इंजिनावरच्या घरट्यात बसतो, तो या बाबतीत जास्त उघडा. बऱ्याचदा तो पातळ पुठ्ठ्याच्या खोक्यात येतो. पुठ्ठा जमिनीवर किंवा बाहेरच्या भिंतीला टेकवून ठेवला की ओल शोषतो आणि कागदाला देतो. कार्ट्रिज झिपच्या पिशवीत सिलिका जेलच्या पुडीसकट ठेवा, पण आधी तो कोरडा असल्याची खात्री करा. ओला कागद पिशवीत बंद केला तर बुरशीची सोय होते. वर काही ठेवू नका, चुण्या दबल्या की त्या जागी ऑइल जात नाही. चुण्या समान अंतरावर आहेत का, कुठे लाटेसारख्या झाल्यात का, डाग आहेत का, हे सगळं लावण्यापूर्वी डोळ्यांनी दिसतं, ही कार्ट्रिजची मोठी सोय. बहुतेक कार्ट्रिज इंजिनांत उलटवाह व्हॉल्व्ह इंजिनावरच्या घरट्यात असतो. त्यामुळे कार्ट्रिज जुना असला तरी सकाळच्या खडखडीचा दोष सहसा त्याच्यावर येत नाही. त्याच्या ओ-रिंगही वेगळ्या मिळतात. ज्यांची गाडी जुनी आहे आणि फिल्टर बाजारातून नाहीसा होतोय, त्यांना साठा करावाच लागतो. त्यांनी कार्ट्रिज असेल तर कागद जपून ठेवावा आणि रिंगा लावायच्या वेळी ताज्या घ्याव्यात. डब्याचा फिल्टर असेल तर सिलिकोनच्या व्हॉल्व्हचा शोधून ठेवावा, कारण आतली चकती बदलता येत नाही.

रबराला ओझोनही मारक आहे. ताणलेल्या नायट्राइलला तो आडव्या चिरा पाडतो. वेल्डिंगचा आर्क, ब्रश असलेल्या मोटरी, म्हणजे ड्रिल आणि ग्राइंडर, ठिणग्यांबरोबर ओझोन तयार करतात. या हत्यारांच्या कपाटात फिल्टर ठेवू नका. पेट्रोल आणि थिनरच्या वाफांनी रबर फुगतं, चार्ज होणाऱ्या बॅटरीजवळच्या आम्लाच्या तुषारांनी आटे गंजतात, आणि खिडकीतल्या उन्हाने गॅसकेट लवकर तडकते. ऑइल मात्र नायट्राइलला चालतं. तरीसुद्धा गॅसकेटला आधीच ऑइल लावून फिल्टर साठवू नका, त्यावर धूळ बसते. ऑइल लावायचं ते बसवताना.

फिल्टर तोंडावर उभे करून त्यांच्यावर आणखी रचू नका. खालच्या गॅसकेटवर कायमचा दाब राहतो. तोंड वर, झाकण घट्ट, आणि मूळ खोक्यात. खोकं फेकून देण्याचा मोह टाळा, कारण त्यातून एक वेगळाच धोका निर्माण होतो. दोन फिल्टर दिसायला सारखे आणि आटे वेगळे असू शकतात. एम20 गुणिले 1.5 (20 मिलिमीटर व्यास, दोन आट्यांत 1.5 मिलिमीटर अंतर) आणि पाऊण इंच 16 आटे (पाऊण इंच व्यास, इंचाला 16 आटे) ही सर्वांत घात करणारी जोडी. पाऊण इंच म्हणजे 19.05 मिलिमीटर. एम20 चा फिल्टर पाऊण इंचाच्या स्टडवर, म्हणजे इंजिनावरच्या आट्यांच्या नळीवर, फिरतो, आवळल्यासारखाही वाटतो, पण आटे फक्त टोकाला पकडलेले असतात. दाब आला की तो निसटू शकतो. खोक्याविना पडलेल्या फिल्टरवरचा नंबर पुसला गेला असेल तर अंदाजाने लावू नका.

प्रत्येक वेळी दोष जुन्या फिल्टरचाच नसतो

लावल्यावर गॅसकेटपाशी ठिबकत असेल तर आधी पाहा की जुन्या फिल्टरची गॅसकेट इंजिनालाच चिकटून राहिलेली नाही ना. दोन गॅसकेट एकावर एक बसल्या तर गाडी जागेवर असताना कोरडी दिसते आणि रस्त्यावर वेग घेतला की ऑइल उडतं. जुना फिल्टर काढला की त्याच्या तोंडावर गॅसकेट आहे हे बघितल्याशिवाय तो बाजूला ठेवू नका. फ्लँज पुसली होती का, गॅसकेटला ताजं ऑइल लावलं होतं का, आणि किती आवळला, हेही बघा. बहुतेक डब्यांवर किती आवळायचं ते छापलेलं असतं, पुष्कळदा गॅसकेट टेकल्यापासून पाऊण फेरा, हाताने. पाना काढण्यासाठी असतो, बसवण्यासाठी नाही.

ताजा फिल्टर लावूनही सकाळची खडखड राहिली तर फिल्टरवरचा संशय सोडा. ऑइलची पातळी कमी असणं, गाडीच्या पुस्तकात सांगितलेल्यापेक्षा वेगळ्या ग्रेडचं ऑइल, टायमिंग चेन ताणून धरणारा टेन्शनर, खरोखरच थकलेले लिफ्टर, ही कारणं मग एकेक तपासावी लागतात. इंजिन तापलेलं असताना आयडलवर दिवा लागला, किंवा खडखड काही सेकंदांपलीकडे टिकली, तर इंजिन लगेच बंद करा आणि दाब खऱ्या गेजने मोजून घ्या. त्याचा फिल्टरच्या वयाशी संबंध नाही आणि तिथे वाट पाहणं महाग पडतं.

एकदा गाडीला लागलेल्या फिल्टरचा हिशोब वेगळा. तिथे गाडीच्या पुस्तकातली मुदत चालते, किलोमीटर किंवा महिने यांतलं जे आधी येईल ते. गाडी फारशी फिरली नाही म्हणून फिल्टर अजून नवा आहे असं नसतं. छोट्या फेऱ्यांमध्ये ऑइलात पाणी आणि न जळलेलं इंधन साठतं, आम्ल तयार होतं, आणि कागद त्यातच बुडून असतो. काही कामासाठी काढलेला अर्धा वापरलेला फिल्टर ‘पुढे कामी येईल’ म्हणून परत फळीवर ठेवायचा नाही.

माझ्या खोक्यात सात फिल्टर उरले होते. फुंकरीच्या चाचणीत पाचांतून स्पष्ट वारा आला. उरलेले दोन टिकले, पण त्यांच्या गॅसकेटमध्ये नख रुतवल्यावर खळगी तशीच राहिली, म्हणून तेही बाद केले. आता घरातल्या कपाटाच्या खालच्या कप्प्यात प्रत्येक गाडीचे दोन, म्हणजे येत्या दोन सर्व्हिसिंगपुरते, एवढेच असतात. खोक्यावर तारीख मोठ्या अक्षरात असते, जुना पुढे आणि नवा मागे. बाद केलेले सातही भंगारात देण्यापूर्वी मी प्रत्येकाच्या आट्यांवर छिन्नी ठेवून हातोडीचा एक घाव घातला. वेष्टनातला फिल्टर भंगारात कुणाला कोराकरकरीत वाटला असता आणि तो एखाद्या गाडीला लागला असता.